शहाऐंशी झिरो बत्तीस आणि आय-सेव्हन

इंदापूरच्या माझ्या भाच्याला बारामतीत डिप्लोमाला प्रवेश मिळाला. आपाने भिशीचे पैसे माझ्या हातात ठेवले, "भाई, चांगला लॅपटॉप बघून दे." दुकानदाराने एक वापरलेला लॅपटॉप पुढे केला. "आय-फाइव्हच्या भावात आय-सेव्हन देतोय, चाचा!"

आकड्यांची भाषा आमच्या भागाला नवी नाही. इथला शेतकरी उसाच्या जातीला 'शहाऐंशी झिरो बत्तीस' म्हणतो. को ८६०३२ मधला 'को' म्हणजे कोइम्बतूर आणि ८६ म्हणजे १९८६ साल. महाराष्ट्रात तिला 'नीरा' असे आमच्याच नदीचे नाव मिळाले, पण बांधावर चालतो तो नंबरच.

संगणकात उलटे घडले. इंटेलची ८०८६ चिप १९७८ ची. पुढे २८६, ३८६, ४८६ आले आणि लोक नंबरानेच संगणक मागू लागले. एएमडीनेही आपल्या चिपला ३८६ म्हटले. इंटेल कोर्टात गेली, पण ३८६ या आकड्यावर एकट्याची मालकी सांगता येणार नाही, असा निकाल अमेरिकेत १९९१ साली लागला. म्हणून १९९३ मध्ये पाचव्या पिढीला ५८६ न म्हणता 'पेंटियम' नाव दिले. ग्रीक भाषेत 'पेंटे' म्हणजे पाच.

२००१ मध्ये एएमडीने 'अ‍ॅथलॉन एक्सपी १५००+' आणली. तिचा खरा वेग १.३३ गिगाहर्ट्झ होता. काम १५०० च्या तोडीचे, असा कंपनीचा दावा. आकडा आता माप राहिला नाही, जाहिरात झाला. २००८ पासून आलेले आय-सेव्हन, आय-फाइव्ह, आय-थ्री हेही वेगाचे माप नव्हे. त्या-त्या पिढीतली ती पायरी आहे.

मी दुकानदाराला पूर्ण नंबर उघडायला लावला. आय-सेव्हन ७५००यू. पहिला ७ म्हणजे सातवी पिढी, २०१६ ची. आत कोअर दोनच. वर्षभराने आलेल्या आय-फाइव्ह ८२५०यू मध्ये चार आहेत. दुकानदार खोटे बोलला नव्हता. त्याने अर्धाच नंबर वाचला होता. मापात पाप असेही होते.

आम्ही नव्या पिढीचा आय-फाइव्ह घेतला. घरी आपा नाराज, "सातचा सोडून पाचचा का आणला?" मी सगळे समजावले. ती ऊसवाल्या घरातली. म्हणाली, "म्हणजे बेणं बघून घ्यायचं, पाटी बघून नाही."

एवढेच लक्षात ठेवा. पूर्ण नंबर विचारा, मगच पैसे मोजा.