पूर्णेची छोटी लाईन : मोडलेल्या जंक्शनचे स्मरण कसे करावे?

पूर्णा जंक्शन आजही जागच्या जागी आहे. परभणीकडून आलेली गाडी इथे थांबून नांदेडकडे जाते, हिंगोली-अकोल्याचा फाटा इथूनच निघतो आणि स्टेशनच्या पाटीवरचे नावही बदललेले नाही. तरीही गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इथले एक जंक्शन पुरते मोडले. इमारत पडली की मोकळी जागा दिसते, पण कामाची रीत मोडली तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. छोट्या लाईनचे, म्हणजे मीटर गेजचे पूर्णा असेच नाहीसे झाले. त्याची आठवण ठेवायची तर एखादे जुने इंजिन चौथऱ्यावर बसवून भागणार नाही. ते जंक्शन चालत कसे होते हे सांगणारी आठवण हवी. अशी आठवण जपण्याचे एक साधन आपण आजवर पोरखेळ म्हणून बाजूला ठेवले आहे, ते म्हणजे रेल्वेची चालती प्रतिकृती. ती प्रतिकृती पूर्णेसाठी का योग्य, हे कळायला आधी ते जंक्शन घडले कसे ते पाहावे लागते.

१८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात हिंदुस्थान सरकारने मीटर गेज स्वीकारला, तो मुख्यतः काटकसरीसाठी. निजाम सरकारची पहिली लाईन, वाडीहून हैदराबादकडे जाणारी, १८७४ मध्ये ब्रॉडगेजवर सुरू झाली होती. पण गोदावरी खोऱ्यातून मनमाडला जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास झाली ती मीटर गेजवर. सुमारे ३९० मैलांच्या या लाईनने औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे एका दोरीत ओवली. तिची मुंबईशी गाठ मात्र मनमाडलाच पडत असे आणि तिथे गेज बदलल्यामुळे माल उतरवून पुन्हा भरावा लागे. १९१२ मध्ये पूर्णेहून हिंगोलीला फाटा निघाला. हिंगोली कापसाची पेठ होती आणि हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची जुनी छावणीही. या फाट्याने पूर्णेला जंक्शन केले. १९३० मध्ये निजाम सरकारने ही रेल्वे कंपनीकडून ताब्यात घेतली आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीय रेल्वेत आली. पण पूर्णेचे खरे महत्त्व वाढले ते हिंगोलीचा फाटा अकोल्यावरून खंडव्यापर्यंत पोचल्यावर, १९६० च्या आसपास. उत्तरेतले आणि दक्षिणेतले मीटर गेजचे जाळे या दुव्याने जोडले गेले. काचीगुडा-जयपूर मीनाक्षी एक्स्प्रेस याच मार्गाने धावू लागली. मनमाड, सिकंदराबाद आणि खंडवा अशा तीन दिशांचा मेळ ज्या गावात बसवायचा होता ते गाव पूर्णा होते.

हा मेळ बसवणे म्हणजेच जंक्शनचे काम. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी, कोळसा, राख झाडणे आणि तपासणी लागे. ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड यांच्या ड्युटीलाही मर्यादा होती. म्हणून इंजिन आणि माणसे जिथे बदलायची तिथे शेड, रनिंग रूम म्हणजे कर्मचाऱ्यांची विश्रांतीची जागा, आणि रेल्वे कॉलनी उभी राही. एकेरी लाईनवर समोरासमोरच्या गाड्यांची टक्कर टाळायला टोकनची पद्धत होती. पुढच्या स्टेशनचा टोकन-गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही. त्यामुळे एक गाडी लेट झाली की तिची वाट पाहणारी दुसरी लेट होई आणि तिच्या इंजिनावर अवलंबून असलेली तिसरीही. ड्युटीची वर्दी घेऊन कॉलमन रात्रीबेरात्री कॉलनीतली दारे ठोठावी. घरातला स्वयंपाक, झोप आणि सणवार गाडीच्या वेळापत्रकाला बांधलेले असत. यार्डात शंटिंग करणारा पॉइंट्समन, केबिनमध्ये लिव्हर ओढणारा केबिनमन, लाईनबॉक्स वाहणारा हमाल या सगळ्यांच्या हालचाली एकमेकांत गुंतलेल्या होत्या. पूर्णा हे मुळात असे माणसांचे, यंत्रांचे आणि वेळेचे एक जुळवलेले गणित होते.

ते मोडले, आणि ते मोडावे अशी मराठवाड्याचीच मागणी होती. मुंबईला जाताना मनमाडला उतरून गाडी बदलायची, शेतमाल दोनदा हाताळायचा, उद्योगांनी म्हणून पाठ फिरवायची, असा हा जाच अनेक दशकांचा होता. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने ब्रॉडगेजचा प्रश्न विभागाच्या मागासलेपणाशी जोडून लावून धरला. १९९२ मध्ये मनमाड-औरंगाबाद मार्ग बदलला आणि त्याच वर्षी देशभर एकच गेज करण्याचे धोरण सुरू झाले. त्याच दशकात ब्रॉडगेज परभणी ओलांडून पूर्णेला आली, पण अकोल्याकडची सुमारे २१० किलोमीटरची लाईन २००८ च्या सुमारास बदलेपर्यंत छोटीच राहिली. या मधल्या काळात दोन्ही गेज पूर्णेच्या स्टेशनात शेजारी-शेजारी नांदत होते आणि गाडी बदलण्याचा जो त्रास पूर्वी मनमाडला होता तो काही प्रवाशांना पूर्णेला होऊ लागला. नंतर तोही संपला. डिझेल आणि पुढे वीज आल्याने इंजिने लांब पल्ला न बदलता धावू लागली आणि मीटर गेजची शेड निरुपयोगी झाली. खंडव्याकडची उरलेली छोटी लाईन अकोल्याच्या पुढे २०१७ च्या सुरुवातीला बंद पडली. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून ती रुंद करावी की बाहेरून वळवावी, हा वाद मागे राहिला.

अशा गोष्टींचे स्मरण आपण सहसा वस्तूंतून करतो. १९७७ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय उघडले आणि देशातल्या कितीतरी स्टेशनांबाहेर रंगरंगोटी केलेली इंजिने उभी राहिली. त्यांचे मोल आहेच, पण मर्यादाही ओळखली पाहिजे. मीटर गेजवर प्रवासी गाड्यांसाठी वायपी आणि मालगाड्यांसाठी वायजी ही प्रमाण इंजिने होती आणि ती राजस्थानपासून तामिळनाडूपर्यंत सर्वत्र धावली. वायपी चौथऱ्यावर बसवले तर आपण एक यंत्र जपतो. त्यात पूर्णेचे असे काहीच नसते. शिवाय थांबलेले इंजिन आपण कशाची वाट पाहत होतो हे सांगू शकत नाही, आणि जंक्शनचा सगळा इतिहास तर त्या वाट पाहण्यातच आहे. फोटो आणि चित्रफितीही क्षण पकडतात. मीनाक्षी पूर्णेला का थांबली, कुठली गाडी आल्याशिवाय ती का हलली नाही, हे त्यांतून उमगत नाही.

प्रतिकृतीचा विचार इथे उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या फ्रँक एलिसन या छांदिष्टाने १९४० च्या दशकातच मांडले होते की रेल्वेची प्रतिकृती हे नाटक आहे. मांडणी हा रंगमंच, गाड्या ही पात्रे आणि वेळापत्रक हे कथानक. त्याच देशात कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे जॉन ॲलन यांनी ‘गोर अँड डॅफेटिड’ ही मांडणी उभारली. ती जगभरच्या छांदिष्टांच्या कौतुकाचा विषय झाली, कारण तिच्यावरच्या गाड्या नुसत्या गोल फिरत नसत. ॲलन यांचे मित्र ठरलेल्या रात्री जमत आणि वेळापत्रकाबरहुकूम, आदेशांप्रमाणे तिच्यावर गाड्या चालवत. जानेवारी १९७३ मध्ये ॲलन वारले आणि दहाच दिवसांत घराला लागलेल्या आगीत मांडणीचा बहुतेक भाग जळून गेला. तरीही तिची आठवण आजही ताजी आहे, कारण तिचे नकाशे, छायाचित्रे आणि चालवण्याची पद्धत छापली गेली होती. ॲलन यांनी रचलेले ‘टाइमसेव्हर’ हे शंटिंगचे कोडे तर आजही लोक आपापल्या घरी बांधतात. लाकूड, प्लास्टर आणि डबे गेले, डबे कुठल्या क्रमाने हलवायचे ती युक्ती उरली. वस्तू जळते तिथे कामाची रीत टिकते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

महाराष्ट्रात या छंदाला परंपरा नाही असेही नाही. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे आणि तिथे एक सबंध छोटे शहर गाड्यांसकट चालताना दिसते. पूर्णेसाठी मात्र कल्पनेतले नव्हे, ठरावीक वर्षातले खरे जंक्शन हवे. इथे एक तांत्रिक गोष्ट मीटर गेजच्या बाजूची आहे. या छंदातले सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:८७ आहे. त्यातले बाजारी रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात, म्हणजे ते १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय रुळांची नक्कल करतात. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा असल्यामुळे त्या रुळांवर भारतीय मोठी गाडी ठेवली की रूळ सुमारे १४ टक्के अरुंद भासतात. मीटर गेजसाठी त्याच प्रमाणात १२ मिलिमीटरचे रूळ मिळतात, युरोपातल्या पर्वतीय रेल्वेंच्या प्रतिकृतींसाठी बनवलेले. ते मूळ रुळांपेक्षा जेमतेम चार टक्के रुंद पडतात. छोट्या लाईनचे पूर्णा मोठ्या लाईनच्या पूर्णेपेक्षा जास्त प्रामाणिकपणे मांडता येते. एक किलोमीटरचे यार्ड या प्रमाणात साडेअकरा मीटरांत बसते, म्हणजे शाळेच्या सभागृहात मावेल एवढे. नांदेडपर्यंतची तीसेक किलोमीटरची लाईन मात्र साडेतीनशे मीटर होईल, ती शक्य नाही आणि तिची गरजही नाही. परभणी, नांदेड आणि हिंगोली या तीन दिशांच्या गाड्या पडद्याआडच्या रुळांवर उभ्या करायच्या आणि वेळ झाली की पुढे आणायच्या. घड्याळ सहापट वेगाने चालवले तर चोवीस तासांचे पूर्णा चार तासांत उलगडते.

यावर पहिला आक्षेप असा की ही शेवटी करमणूकच. प्रतिकृतीत उन्हाने तापलेल्या फुटप्लेटची धग नाही, घाम नाही, धूर नाही, रात्रपाळी नाही. ज्या कष्टांवर ते जंक्शन चालत होते तेच गाळून उरलेले गोंडस चित्र म्हणजे इतिहास कसा? हा आक्षेप खरा आहे, पण तो वाईट प्रतिकृतीवरचा आहे. गाड्या बटणाने आपोआप गोल फिरत राहिल्या तर माणूस दिसेनासा होतोच. त्याच गाड्या टोकन घेऊन, पॉइंट बदलून, रजिस्टरात नोंद करून चालवाव्या लागल्या तर दहा मिनिटांत कळते की एका गाडीमागे किती हात लागत. केबिनमन, पॉइंट्समन आणि कॉलमन यांची कामे ज्या खेळाच्या नियमांतच लिहिलेली आहेत तो खेळ श्रमाला झाकत नाही. संग्रहालयातले चकाकणारे इंजिन उलट ते काम बेमालूम झाकते, कारण ते घासूनपुसून स्वच्छ असते आणि त्याच्या अवतीभवती कोणी नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. छोटी लाईन ही मराठवाड्याच्या उपेक्षेची खूण होती. तिच्यासाठी हळहळणे म्हणजे त्या उपेक्षेला सोनेरी मुलामा देणे नव्हे काय? आज देवगिरी, तपोवन किंवा सचखंड एक्स्प्रेसने पूर्णेचा माणूस गेज न बदलता मुंबई किंवा अमृतसर गाठतो आणि हे लढून मिळवलेले आहे. पण स्मरण म्हणजे पुनःस्थापनेची मागणी नव्हे. उलट, मनमाडला गेज बदलताना काय होत असे हे चालवून दाखवल्याशिवाय ब्रॉडगेजची मागणी एवढी तीव्र का होती, हे आजच्या विद्यार्थ्याला समजणार नाही. रेल्वेच्या कामावर जगणाऱ्या गावातली किती कामे त्या बदलात निरर्थक ठरली, हाही त्याच गोष्टीचा दुसरा भाग आहे. उपेक्षा आणि कौशल्य एकाच यार्डात नांदत होती आणि इतिहासाने दोन्हींची नोंद घेतली पाहिजे.

तिसरा आक्षेप टिकाऊपणाचा. प्रतिकृतीही मोडतेच, जागा जाते, उत्साह ओसरतो, कधी आग लागते. मग मोडलेल्याची आठवण मोडणाऱ्या वस्तूत का ठेवावी? ॲलन यांच्या मांडणीचे उदाहरण याचे उत्तर देते. प्रतिकृतीचा खरा लाभ तिच्या तयारीतच होतो. गाडी खरोखर चालवायची म्हटले की मोघम आठवणींवर भागत नाही. किती रूळ होते, कोणता प्लॅटफॉर्म कोणत्या गाडीला, इंजिन पाण्याला कुठे जाई, कुठल्या गाडीचे डबे कुठल्या गाडीला जोडले जात, प्रत्येक प्रश्नाला पुराव्यासह उत्तर शोधावे लागते. त्यासाठी लागणारे पुरावे ठरलेले आहेत. रेल्वेच्या अंतर्गत वापरासाठी छापलेले वर्किंग टाइमटेबल, स्टेशन वर्किंग रूल्स आणि त्यांतला यार्डाचा आराखडा, ट्रेन रजिस्टर, क्रूच्या लिंक म्हणजे ड्युटीचे तक्ते, शेडच्या नोंदवह्या. असे कागद ठरावीक मुदतीनंतर रद्दीत जातात. उरतात ती माणसे. १९७५ मध्ये वयाच्या विशीत खलाशी किंवा फायरमन म्हणून लागलेला कर्मचारी आज सत्तरीत आहे. वाफेच्या काळात शिकलेल्या हातांची ही शेवटची पिढी आहे.

म्हणून क्रम उलटा धरावा. इंजिनाचा चौथरा, प्रतिकृतीसाठी जागा आणि पैसा हे सगळे नंतर येऊ द्यावे. आधी पूर्णेच्या निवृत्त कर्मचाऱ्यांना एका टेबलाभोवती बसवून यार्डाचा आराखडा काढून घ्यावा आणि एका दिवसाचे चोवीस तास, गाडीमागून गाडी, लिहून काढावेत. त्यांच्यात मतभेद झाले तर तेही नोंदवावेत, कारण दिवसपाळी आणि रात्रपाळीचे पूर्णा एकसारखे नव्हते. या कामाला सरकारी अनुदान लागत नाही, महाविद्यालयाचा इतिहास विभाग किंवा एखादे वाचनालय ते करू शकते. एवढे झाले तर प्रतिकृती यंदा बांधली काय किंवा वीस वर्षांनी बांधली काय, फरक पडणार नाही, कारण बांधणाऱ्याच्या हाती गणित असेल. ते झाले नाही तर मात्र पुढे कितीही इंजिने चौथऱ्यावर चढवली तरी छोट्या लाईनचे पूर्णा कसे चालत होते, हे सांगणारे कोणी उरणार नाही.