निरोप्याला शिक्षा नको

या मालिकेत आपण मोहिमांच्या आणि लढायांच्या गोष्टी करतो. आजचा इतिहास मात्र मला माझ्या 2001 सालच्या जुन्या गाडीच्या बॉनेटखाली सापडला.

निवृत्तीनंतर मी महूला राहतो. गेल्या उन्हाळ्यात महेश्वरहून परत येताना जाम घाटाच्या चढावर गाडी दम टाकायला लागली. ॲक्सिलरेटर दाबला की आचके द्यायची, आणि समोर ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागलेला. गॅरेजमध्ये मेकॅनिकने दिव्याच्या लुकलुकण्यावरून कोड मोजला. कोड ऑक्सिजन सेन्सरचा निघाला. त्याने सेन्सर बदलला आणि मी पैसे दिले. आठ दिवसांत पुन्हा तोच घाट, तेच आचके, तोच दिवा.

हा सेन्सर गाडीत आला कशासाठी, हे कळल्याशिवाय इथे काय चुकलं ते कळत नाही. म्हणून थोडं मागे जाऊ.

मी तरुण अधिकारी असताना लडाखमध्ये आमच्याकडे पेट्रोलवर चालणारी जोंगा होती, जबलपूरच्या कारखान्यात बनलेली. तिला कार्बुरेटर होता. खारदुंग ला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. कार्बुरेटरला ते कुठून कळणार? तो आपला मैदानातल्या हिशेबाने पेट्रोल देत राहायचा. मग काळा धूर निघायचा आणि इंजिन गुदमरायचं. आमच्या वर्कशॉपचा हवालदार लहान जेट बसवून द्यायचा. खाली मैदानात याच कार्बुरेटरच्या गाड्यांचं दुखणं उलटं. उन्हाळ्यात घाट चढताना इंजिनच्या उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. पंपावर ओलं फडकं टाकून वाट पाहणारे लोक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्या पंपाचा दाब असायचा फार तर पाव-अर्धा बार.

हवेचा दाब मोजून त्याप्रमाणे पेट्रोल देणारं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन 1967 मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने फोक्सवॅगनच्या 1600 मॉडेलमध्ये आणलं. त्याचं नाव डी-जेट्रॉनिक. यातला ‘डी’ म्हणजे ‘ड्रुक’, जर्मन भाषेत दाब. ते आलं मुख्यतः अमेरिकेत धुराचे नियम कडक होत होते म्हणून. 1976 मध्ये व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठीच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर बसवला. धुरात ऑक्सिजन किती उरला यावरून पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय, हे तो सांगतो. पुढे त्याच कॅलिफोर्नियाने 1988 च्या मॉडेलपासून गाडीने आपला बिघाड आपणच ओळखावा अशी सक्ती केली आणि तो पिवळा दिवा आला. 1996 पासून सगळ्या अमेरिकेत ओबीडी-2 हे एकसारखं कोडचं मानक लागू झालं.

आपल्याकडे 1983 मध्ये आलेली मारुती 800 कार्बुरेटरचीच होती. 1985 मध्ये वकील एम. सी. मेहता दिल्लीच्या हवेसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. 1995 मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, आणि शिसं त्याला मारक म्हणून शिसेविरहित पेट्रोलही आलं. 1999 मध्ये न्यायालयाने राजधानी परिसरात नव्या खासगी गाड्यांसाठी 1 जूनपासून युरो-1 आणि 1 एप्रिल 2000 पासून युरो-2 लागू केलं. त्या दोन-तीन वर्षांत आपल्या छोट्या गाड्यांच्या मागे ‘एमपीएफआय’ ही अक्षरं दिसू लागली. माझी गाडी त्याच पिढीची. ओबीडी आपल्याकडे सक्तीचं झालं 2010 मध्ये, आणि ओबीडी-2 2013 मध्ये.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट कायम दिसते. सेन्सर आला तो हवा स्वच्छ राहावी म्हणून. कुठला भाग बदला, हे सांगणं त्याचं कामच नाही. तो पुढच्या चौकीवरचा निरोप्या आहे. ‘इकडे गडबड आहे’ एवढं तो कळवतो. चौकीवरून वाईट बातमी आली म्हणून कोणी चौकीवरचा जवान बदलत नाही, बातमी तपासतो. आम्ही मात्र जवान बदलून बसलो होतो.

मग मी मित्राकडून प्रेशर गेज आणलं. इंजिन थंड केलं, लाइनमधला दाब उतरवला, आजूबाजूला ठिणगी किंवा विडी-काडी नाही याची खात्री केली आणि गेज जोडलं. या पिढीच्या गाडीत पंप टाकीत असतो. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढली की साधारण तीन बार दाब दिसतो, आणि नळी जोडून इंजिन संथ चालू असताना अडीचच्या आसपास. माझ्या गेजवर दोनसुद्धा नव्हता.

आता दोष कोणाचा? रेग्युलेटरच्या नळीत पेट्रोल आलंय का पाहिलं. आलं असतं तर त्याचा पडदा फाटलेला. नळी कोरडी होती. मग परतीचा रबरी पाइप क्षणभर दाबून धरला. दाब झटकन वर गेला तर पंप ठीक आणि रेग्युलेटर खराब. काटा जेमतेम हलला. म्हणजे पंपच कमी पडत होता. पण पंप बदलण्याआधी त्याला वीज किती मिळते ते मोजलं. बॅटरीवर बारा व्होल्टपेक्षा जास्त, पंपाच्या सॉकेटवर जेमतेम नऊ. मागच्या सीटखाली अर्थिंगच्या स्क्रूला गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासून पुन्हा आवळला आणि काटा जागेवर आला.

चढावर पेट्रोल कमी पडत होतं, आणि जुना ऑक्सिजन सेन्सर तेच तर सांगत होता. तो बिचारा खरं बोलल्याबद्दल भंगारात गेला होता.

मेकॅनिकवर माझा राग नाही. त्या काळचे कोड फक्त ‘इथे बघा’ म्हणायचे, आणि त्याने तिथेच बघितलं. आजही कोड काढायचं यंत्र हातात आलं की आपण कोडाचं नाव वाचतो आणि त्याच नावाचा भाग विकत घेतो. तुमच्या जुन्या गाडीचा दिवा लागला तर आधी तीन गोष्टी मोजून घ्या: पंपाला मिळणारी वीज, पेट्रोलचा दाब आणि रेग्युलेटरची नळी. भाग त्यानंतर बदला.

लडाखमधला तो हवालदार म्हणायचा, ‘साहब, पहले सुनो, फिर खोलो.’ तो कार्बुरेटरबद्दल बोलत होता. सेन्सरच्या जमान्यातही मला त्याचाच सल्ला कामी आला.

जय हिंद.