फिलिप पीटर या नांवाचा वैमानिक

ज्युबिलीच्या शुभप्रसंगीं मागें वळून पाहावें व परमेश्वराचे उपकार आठवावे, ही आपली जुनी रीत आहे. अशा वेळीं आपण बहुधा आपल्या धर्मगुरूंचीं, धर्मभगिनींचीं आणि शिक्षकांचीं चरित्रें सांगतों. प्रस्तुत लेखांत मात्र एका मराठी लढाऊ वैमानिकाची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. तो आपल्या धर्माचा नव्हता. परंतु आयुष्यांतील एका बिकट दिवशीं त्यानें आपल्या दोन प्रेषितांचीं नांवें धारण केलीं होतीं.

या कथेचा एक धागा आपल्याच भूमींत रुजलेला आहे. श्री. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म १९१३ मध्यें देवराष्ट्रें या गांवीं झाला. तें गांव तेव्हां सातारा जिल्ह्यांत होतें, आतां सांगली जिल्ह्यांत आहे. त्यांचें शिक्षण कऱ्हाडास झालें. ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असतांना, १९६१ मध्यें, देशांतील पहिली सैनिकी शाळा सातारा येथें निघाली. पुढील वर्षीं ते भारताचे संरक्षणमंत्री झाले. ता. १ सप्टेंबर १९६५ रोजीं छांब भागांत पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हां हवाई दलाचे प्रमुख अर्जन सिंग यांनीं विमानें पाठविण्याची अनुज्ञा मागितली आणि चव्हाणांनीं ती तत्काळ दिली. त्याच सायंकाळीं विमानें उडालीं, आणि त्यांतील चार परत आलीं नाहींत. आज्ञा देणाऱ्याच्या मनावर केवढा भार पडत असेल, तें वाचकांनींच जाणावें.

त्या युद्धांत लढलेल्या तरुणांपैकीं दिलीप कमलाकर परुळकर हे एक होत. ते १९६३ च्या मार्च महिन्यांत हवाई दलांत अधिकारी झाले. १९६५ च्या युद्धांत शत्रूचा मारा त्यांच्या विमानास लागला व त्यांचा उजवा खांदा जखमी झाला. हवाई छत्रीनें उडी घ्यावी, असा सल्ला त्यांच्या म्होरक्यानें दिला. परंतु परुळकरांनीं तें मोडकें विमान तसेंच हांकून आपल्या तळावर सुखरूप उतरविलें. याबद्दल त्यांस वायुसेना पदक मिळालें.

सहा वर्षांनीं पुन्हां युद्ध पेटलें. ता. १० डिसेंबर १९७१ रोजीं त्यांचें सुखोई विमान पाकिस्तानांत पाडलें गेलें आणि ते रावळपिंडीच्या बंदिशाळेंत पडले. तेथें सुमारें डझनभर भारतीय वैमानिक होते. विंग कमांडर कोएलो हे त्यांत ज्येष्ठ. आरंभीं प्रत्येकास निरनिराळ्या कोठडींत ठेवलें होतें. पुढें नाताळाचा दिवस उजाडला, तेव्हां बंदिशाळेचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान यांनीं सर्वांस एकत्र आणिलें व केक देऊन त्यांचा सण साजरा केला. शत्रूच्या घरीं झालेला हा नाताळ परुळकरांच्या कथेंत पुढें फार महत्त्वाचा ठरला.

पळून जाण्याचा विचार मात्र परुळकरांच्या मनांतून जाईना. त्यांनीं मालविंदर सिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी यांस सोबतीस घेतलें. सुई चुंबकित करून होकायंत्र बनविलें. वैमानिकाच्या पोशाखांतील रबरी पिशवी पाण्याकरितां राखून ठेविली. आणि कोठडीच्या भिंतीस गुपचूप भोंक पाडण्यास आरंभ केला. ता. १२ ऑगस्ट १९७२ च्या वादळी रात्रीं तिघेही त्या भोकांतून बाहेर पडले. मोटारगाडीनें पेशावर गांठून, पुढें खैबर घाटाच्या वाटेनें ते लंडी कोतल येथें पोहोंचले. अफगाणिस्तानची हद्द तेथून अवघी कांहीं मैल राहिली होती.

जुन्या नकाशावरून त्यांस लंडी खाना हें स्थानक ठाऊक होतें, म्हणून त्यांनीं तेथील वाट विचारली. परंतु तेथवर जाणारी आगगाडी १९३२ सालींच बंद झाली होती! या प्रश्नानें तहसीलदाराच्या कारकुनास संशय आला. त्या दिवसांत पाकिस्तानांत अडकलेले बंगाली लोक याच मार्गानें निसटत असत. हेही त्यांपैकींच असावेत, असें त्यास वाटलें. चौकशींत परुळकरांनीं आपलें नांव फिलिप पीटर, सिंहजींनीं हॅरॉल्ड जेकब व ग्रेवालांनीं अली अमीर असें सांगितलें. आपण लाहोरच्या हवाई तळावरील पाकिस्तानी सैनिक आहों, अशी बतावणीही केली. ती कोणासच पटली नाहीं.

आतां गोळी घातली जाते कीं काय, अशी वेळ आली. त्या क्षणीं परुळकरांस स्मरण झालें तें उस्मान यांचें. ते तेव्हां पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या कचेरींत नेमलेले होते. परुळकरांनीं आग्रह धरून त्यांना दूरध्वनी लावविला व आपली खरी ओळख सांगितली. उस्मान यांनीं तेथील अधिकाऱ्यांस बजाविलें कीं, हे आमचे कैदी आहेत. यांस नीट सांभाळा, इजा करूं नका. तिघांचे प्राण वांचले. ता. १ डिसेंबर १९७२ रोजीं सर्व सोबत्यांसह ते वाघा येथून स्वदेशीं परतले. पुढें परुळकर ग्रूप कॅप्टन झाले. या साहसाबद्दल त्यांस विशिष्ट सेवा पदक मिळालें. ता. १० ऑगस्ट २०२५ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें.

वाचकहो, या हकीकतींत एक गोष्ट मनास लागून राहते. फिलिप आणि पीटर हीं थोर प्रेषितांचीं नांवें. परंतु वेषांतर म्हणून घेतलीं असतां तीं कामास आलीं नाहींत. ज्यानें नाताळास बंदिवानांपुढें केक ठेविला, आणि पुढें हातीं आलेल्या शत्रूचे प्राण राखले, तो आपल्या नांवाचा नव्हता. पण कृति मात्र आपल्या प्रभूनें शिकविलेलीच होती. परुळकरांचें शौर्य वंदनीय आहे, आणि त्या शौर्यास उतरावयास भूमि मिळाली ती एका शत्रूच्या दयेमुळें.

बाप्तिस्म्याच्या वेळीं आपणांसही अशींच थोर नांवें मिळालीं आहेत. हें ज्युबिली वर्ष साजरें करितांना प्रत्येकानें आपल्या अंतःकरणास एवढेंच विचारावें: तीं नांवें आपण धारण केलीं आहेत, कीं केवळ पांघरलीं आहेत?