अनंताची फांदी

परवा पहाटे मागचं दार उघडलं आणि वास आला. यंदाचं पहिलं अनंताचं फूल! पाच फूट उंचीचं झुडूप, बारा महिने हिरवंगार, चकचकीत पानांचं. फूल एकच, पण स्वयंपाकघरापर्यंत दरवळ.

या झाडाच्या बाबतीत माझ्याकडून एक चूक झालेली आहे. एकदा वर्गात एका मुलीने विचारलं होतं, "बाई, अनंताला इंग्रजीत गार्डेनिया का म्हणतात?" मी ठोकून दिलं, "बागेत लावतात म्हणून!" निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं की बागेचा इथे काही संबंध नाही. ती मुलगी हे वाचत असेल तर खरी गोष्ट ऐक गं.

अनंत मूळचा चीनकडचा. त्याच्या फळांपासून तिकडे पिवळा रंग काढत आले आहेत. १७५४च्या सुमारास एका इंग्रज कप्तानाला आफ्रिकेच्या टोकाशी हे झाड भरगच्च फुललेलं दिसलं. ते त्याने इंग्लंडला नेलं आणि रिचर्ड वॉर्नर नावाच्या बागप्रेमी गृहस्थाला दिलं. जाणकारांनी ठरवलं, ही जाईची जात. जॉन एलिस नावाच्या व्यापाऱ्याला मात्र ते पटेना. हा तागाच्या कापडाचा व्यापारी, पण वनस्पतींचा नादिष्ट. त्याने ही नवीनच जात असल्याचं दाखवून दिलं. वॉर्नरचं नाव द्यायचं त्याच्या मनात होतं, पण वॉर्नरने नको म्हटलं. तेव्हा अमेरिकेत चार्ल्सटनला राहणाऱ्या आपल्या एका पत्रमित्राचं नाव त्याने सुचवलं. लिनियसने थोडे आढेवेढे घेतले, मग मान्य केलं. तो मित्र म्हणजे डॉक्टर अलेक्झांडर गार्डन. म्हणून गार्डेनिया!

पुढची गोष्ट मला जास्त लागली. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध झालं तेव्हा डॉक्टर गार्डन इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिले आणि मुलगा अमेरिकेच्या सैन्यात गेला. १७८२ साली डॉक्टरांची मालमत्ता जप्त झाली, त्यांना देश सोडावा लागला. मुलाला त्यांनी कधीच क्षमा केली नाही. नातीचं नाव मुलाने गार्डेनिया ठेवलं होतं, पण आजोबांनी तिचं तोंडही पाहिलं नाही, असं सांगतात. १७९१मध्ये ते लंडनमध्ये वारले.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. का, ते आमच्या घरच्यांना माहीत आहे.

माझं माहेर दापोली तालुक्यातलं. विहिरीजवळ आईने लावलेला अनंत होता. बाबा गेल्यावर वाटणीचा विषय निघाला. दादाने हक्कसोडीचा कागद पुढे केला, मी सही केली नाही. कोण बरोबर, कोण चूक, ते इथे लिहीत नाही. नऊ वर्षं भाऊबीज झाली नाही एवढं खरं.

मग एका पावसाळ्यात भाची आली, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली वीतभर फांदी घेऊन. वहिनीने तोडून दिली की दादाने, मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

आपल्याकडचा भरगच्च पाकळ्यांचा अनंत सहसा फळच धरत नाही, मग बी कुठून मिळणार? कोणीतरी फांदी तोडून द्यायची आणि दुसऱ्याने ती जगवायची, तरच तो पुढे जातो. वॉर्नरलाही फांद्या लावणं जमलं नव्हतं. जेम्स गॉर्डन नावाच्या रोपवाल्याच्या हाताला यश आलं.

माझीही फांदी सुखासुखी जगली नाही. कोकणातली तांबडी, आंबट माती त्याला मानवते. इथे देशावर काळी जमीन आणि बोअरचं जड पाणी. पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या! मग पावसाचं पाणी साठवून घालू लागले, कुजलेला पालापाचोळा घातला, चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून दिला. दोन वर्षं कळ्या धरायच्या आणि गळायच्या. तिसऱ्या वर्षी फुलला.

२०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं, त्यात विहिरीजवळचं आईचं झाड मुळासकट गेलं. म्हणजे आता आईचा अनंत माझ्याच दारात उरला आहे.

या आठवड्यात पाच फांद्या लावल्या. खालची पानं काढली, वाळू-शेणखताच्या मातीत खोचल्या, सावलीत ठेवल्या. दिवाळीपर्यंत मुळं धरतील.

दादा, तू हे वाचतोस असं भाची सांगते. त्यातलं एक रोप घेऊन भाऊबीजेला येते. विहिरीजवळ खड्डा खणून ठेव.