सत्यशोधक समाज : कायदा व राजकारण (सातारा-सांगली)

महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुणे येथे स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या सातारा भागातील अनुयायांचा कायदा व राज्यसंस्था यांविषयीचा दृष्टिकोन. सातारा म्हणजे येथे जुना सातारा जिल्हा अभिप्रेत आहे. त्यातून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. फुले घराण्याचे मूळ गाव कटगुण याच जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील होय.

निर्मिक व मानव यांच्यामध्ये मध्यस्थ नको, हे समाजाचे मुख्य तत्त्व धार्मिक स्वरूपाचे असले, तरी त्याची खरी कसोटी न्यायालयात लागली. भटजीवाचून लग्न लावणाऱ्या कुटुंबाकडेही ग्रामजोशी आपल्या वंशपरंपरागत हक्काची दक्षिणा मागत व न मिळाल्यास दिवाणी दावा लावीत. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथील १८८४ चे प्रकरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. जोशीपण हे वतन आणि वतन ही मालमत्ता, असे एकदा मानले की न बोलाविलेल्या पुरोहितालाही भरपाई मिळू शके. स्वतःचे लग्न स्वतःच्या मताप्रमाणे लावण्याचे स्वातंत्र्य अशा प्रकारे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या हक्काशी अडले होते. सी. के. बोले यांच्या प्रयत्नांनी मुंबई विधिमंडळात १९२६ मध्ये कायदा झाला, तेव्हा ही अडचण दूर झाली. म्हणजे धर्मसुधारणेस कायद्याचे पाठबळ अनिवार्य ठरले.

राजकीय चर्चा मात्र समाजाच्या बैठकीत वर्ज्य होती व ब्रिटिश राज्याशी निष्ठा अपेक्षित होती. बहुजन शिकण्यापूर्वी परके राज्य गेले, तर सत्ता जुन्याच हाती जाईल, ही त्यामागील भीती. विरोधकांनी हिला सरकारधार्जिणेपणा म्हटले. पण हा आक्षेप अर्धाच खरा आहे. फुल्यांच्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात सारापद्धती, कचेऱ्या व न्यायालये यांतील लुबाडणुकीवर कठोर टीका आहे.

शाहू छत्रपतींच्या प्रोत्साहनाने १९११ मध्ये कोल्हापुरात समाजाचे पुनरुज्जीवन झाले व चळवळ साताऱ्याच्या खेड्यांत वेगाने पसरली. कराड तालुक्यातील काले येथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. याच सुमारास जिल्ह्यात कुळे व ब्राह्मण जमीनदार यांच्यात तीव्र संघर्ष झाला. १९१९ च्या सुधारणांनी मुंबई विधिमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखल्या. त्यामुळे राजकारण वर्ज्य मानण्याचा नियम व्यवहारात मागे पडला. मात्र मताधिकार ठराविक महसूल भरणाऱ्यांपुरताच असल्याने सामान्य कुळाच्या पदरी त्यातून फारसे काही पडले नाही.

तीसच्या दशकात ब्राह्मणेतर तरुण काँग्रेसकडे वळले. बिळाशी येथील जंगल सत्याग्रह (१९३०) हे त्याचे ठळक उदाहरण. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील सत्यशोधकी वातावरणात घडले व तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत आले. त्यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारने (१९४३–४६) गावोगावी न्यायदान मंडळे नेमली, जमिनीचे व कर्जाचे तंटे गावातच मिटविले आणि अल्प खर्चाचे गांधी-विवाह लावले. ज्या सरकारी न्यायालयात सत्यशोधकांनी एकेकाळी दाद मागितली, त्याच्याकडे खेड्यांनी आता पाठ फिरविली होती. अर्थात प्रतिसरकार ही केवळ सत्यशोधकांची निर्मिती नव्हे. त्यात काँग्रेसचे व समाजवादी कार्यकर्तेही होते. शिवाय त्याच्या काही शिक्षा क्रूर होत्या. ‘पत्री सरकार’ हे लोकांतील नावच तळपायावरील माराची आठवण देते.

स्वातंत्र्यानंतर नाना पाटील प्रथम शेतकरी कामगार पक्षात व पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९५७ मध्ये साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. विवाहाचा मूळ प्रश्न मात्र पूर्णपणे मिटला नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पक्षकारांच्या रूढ विधींना मान्यता दिली. पुरोहितरहित विवाहासाठी तमिळनाडूत (तेव्हाच्या मद्रास राज्यात) १९६७ मध्ये स्वतंत्र कलम घालण्यात आले, तसे महाराष्ट्रात झाले नाही.