अंथरूण ते पायरी : केमोच्या काळातल्या व्यायामाचा इतिहास



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने कर्करोग आणि व्यायाम यावर काय बोलायचं, असा प्रश्न काही जणांना पडला असेल. खुलासा आधीच करतो. आम्ही वैद्यकीय डॉक्टर नाही आणि औषधाचा सल्ला देणार नाही. पण एखादी समजूत पिढ्यान् पिढ्या टिकते कशी आणि मग मोडते कशी, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न आहे. ‘केमो चालू आहे ना, मग पडून राहा’ ही अशीच एक समजूत. ती आपल्या वर्तकनगरात आजही घरोघर आहे. स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण नोंदले गेले. शिवाय पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षं लवकर गाठतो. म्हणजे मुलं शाळेत आहेत, नोकरी चालू आहे, सासूबाईंचं पथ्यपाणी बघायचंय, अशा वयात. तेव्हा या समजुतीची किंमत मोजणाऱ्या बायका आपल्याच इमारतीत राहतात.

आधी विश्रांतीचा इतिहास बघू. आजाऱ्याने अंथरूण धरावं, हे आपल्या भाषेतच मुरलेलं आहे. आजारी पडणं म्हणजेच ‘पडणं’! युरोपातही तसंच होतं. 1863 मध्ये जॉन हिल्टन या इंग्रज शल्यविशारदाचं विश्रांती आणि वेदना यांवरचं पुस्तक आलं आणि विश्रांती हे स्वतंत्र औषध मानलं गेलं. पुढच्या दशकात अमेरिकेत वेअर मिचेल यांनी तर खास करून स्त्रियांसाठी ‘विश्रांती उपचार’ काढला. आठवडेच्या आठवडे पलंग, भरपूर दूध, वाचायचं नाही, लिहायचं नाही. हा उपचार पुरुषांपेक्षा स्त्रियांच्या वाट्याला जास्त आला, हे ध्यानात ठेवा. पुढे लागेल.

या समजुतीला पहिले तडे कर्करोगाने दिले नाहीत. 1947 मध्ये रिचर्ड अ‍ॅशर या डॉक्टरांनी लंडनमधून एक छोटा लेख लिहिला. पलंगावर पडून राहण्याचे धोके त्यांनी अवयववार सांगितले : फुप्फुसं, रक्तवाहिन्या, हाडं, स्नायू आणि मन. 1952 मध्ये बॉस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन यांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला पलंगावरून खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा तेही धाडस वाटलं होतं. मग 1966 चा डॅलसचा प्रयोग. विशीतले पाच निरोगी तरुण, तीन आठवडे सक्तीने पलंगावर. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली. खरी गंमत तीस वर्षांनी झाली. त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची जेवढी क्षमता कमी केली होती, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केली होती! निरोगी तरुणाची ही गत. मग दर एकवीस दिवसांनी केमो घेणाऱ्या, हिमोग्लोबिन उतरलेल्या बाईची काय होत असेल?

आता स्तनाच्या कर्करोगाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉल्स्टेड यांची शस्त्रक्रिया आली. स्तनासोबत छातीचे स्नायू आणि बगलेतल्या गाठी, सगळं काढायचं. जीव वाचायचा, पण खांदा आखडायचा, हात सुजायचा. म्हणून त्या हाताने काही उचलायचं नाही, हा नियम आला. आपल्याकडे परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून उगवलेली ही संस्था. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्यासारख्या शल्यविशारदांचा तो काळ. कर्करोगावरचा उपचार म्हणजे मुख्यतः चाकू. 1976 मध्ये मिलानच्या बोनादोना यांनी शस्त्रक्रियेनंतर तीन औषधांची केमो दिल्याने आजार उलटण्याचं प्रमाण घटतं असं दाखवलं, आणि महिनोन्‌महिने चालणारी केमो रूढ झाली. चाकूची जखम काही आठवड्यांत भरते. केमोचा थकवा मात्र डोसागणिक साचत जातो. विश्रांतीची समजूत इथे नव्या जोमाने परतली.

तो थकवा चकव्यासारखा आहे. औषधाने रक्तपेशी कमी होतात, मळमळतं, झोप बिघडते. थकवा येतो म्हणून बाई पडून राहते. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, हृदयाची ताकद उतरते. मग न्हाणीघरापर्यंत जायलाही जास्त दम लागतो, म्हणून ती आणखी पडून राहते. औषधामुळे आलेला थकवा किती आणि पडून राहिल्यामुळे आलेला किती, हे वेगळं करणं तिला शक्यच नसतं. दोन्ही एकच वाटतात.

हा चकवा तोडायचं सुचलं कुणाला? नामांकित शल्यविशारदांना नाही, परिचारिकांना. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मेरिल विनिंगहॅम आणि मेरी मॅकव्हिकर यांनी 1980 च्या दशकात केमो चालू असलेल्या स्त्रियांना एका जागी बसवलेल्या सायकलवर बसवलं. आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे, थोडं जोरात, थोडं सावकाश. 1989 मध्ये 45 स्त्रियांवरचा त्यांचा अभ्यास छापून आला. सायकल चालवणाऱ्यांची क्षमता केमो सुरू असतानाच सुमारे 40 टक्क्यांनी वाढली होती. मळमळ कमी झाल्याचं आदल्या वर्षीच्या लेखात आलं होतं. रुग्णाच्या उशाशी जो आठ तास उभा असतो त्याला जे दिसतं, ते दोन मिनिटांच्या राऊंडवर येणाऱ्याला दिसत नाही. ज्ञान कुठून येतं या प्रश्नाचं हे एक उत्तर आहे.

मग सुजणाऱ्या हाताची पाळी. 1996 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या 24 स्त्रियांना लांबलचक ड्रॅगन बोटीत वल्हवायला बसवलं. हात सुजतील ही भीती खोटी ठरली. 2009 मध्ये कॅथरिन श्मिट्झ यांनी हात सुजलेल्या स्त्रियांना हळूहळू वाढवत नेत वजनं उचलायला दिली, तरी सूज वाढली नाही. ‘पिशवी उचलू नकोस’ या आज्ञेचा पाया असा ढासळला.

2007 मध्ये कॅनडाच्याच केरी कूर्निया यांनी 242 स्त्रियांचा अभ्यास मांडला. केमो चालू असताना एक गट चालणं-सायकल करणारा, एक वजनं उचलणारा, एक नेहमीसारखा. आम्हाला हा अभ्यास आवडतो तो त्याच्या प्रामाणिकपणामुळे. जगण्याची गुणवत्ता सुधारते का, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता आणि त्याचं ठोस ‘हो’ आलं नाही. पण शक्ती वाढली, स्वतःबद्दलचा आदर वाढला, आणि अनपेक्षित असं एक हाती लागलं. वजनं उचलणाऱ्या गटाला ठरलेल्या केमोपैकी सरासरी जवळपास 90 टक्के मात्रा घेता आली; नेहमीच्या गटाला 84. याचं मोल त्या घरांनाच कळेल, जिथे ‘रक्त कमी आहे, आज डोस नाही’ असं ऐकून ठाणे-परळ लोकलने रिकाम्या हाताने परतावं लागलंय. पुढे 2010 मध्ये अमेरिकन क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी ‘निष्क्रिय राहू नका’ असं सांगितलं, आणि 2022 मध्ये तिथल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने बरं करण्याच्या हेतूने चाललेल्या उपचारांच्या काळातच व्यायाम सुचवावा अशी शिफारस केली.

आपलं काय? आपल्याकडे व्यायामाच्या मात्रेचा विचार जुना आहे. सुश्रुत-वाग्भटांच्या परंपरेत व्यायाम अर्ध्या शक्तीपर्यंत करावा असं सांगितलंय आणि तोंडाने श्वास घ्यावा लागणं ही त्या अर्ध्याची खूण मानली आहे. क्षीण झालेल्याने, दमा-खोकला असलेल्याने तो टाळावा, असंही तिथेच आहे. पण परंपरेत आहे म्हणून खरं, असं न मानणारा माणूसही महाराष्ट्रातच निघाला. 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद, म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. आसन करताना पोटात काय होतं हे त्यांनी क्ष-किरणांनी आणि दाबमापकाने तपासलं. योगाला त्यांनी प्रयोगशाळेच्या दारात उभं केलं.

त्याच वाटेवरचं पुढचं पाऊल परळला पडलं. टाटा मेमोरियलने स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत योग आणि नेहमीचा व्यायाम यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून तुलना केली. सौम्य आसनं, मधूनमधून विश्रांती, प्राणायाम. डॉ. नीता नायर यांनी त्याचे निष्कर्ष अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडले, आणि 2022 मध्ये आपल्याकडे बातम्या झळकल्या : आजार न उलटता जगण्यात 15 टक्के आणि एकूण जगण्यात 14 टक्के सुधारणा. इथे तत्त्वज्ञानाच्या मास्तराला हात वर करावा लागतो. हे आकडे सापेक्ष आहेत. समजा शंभरातल्या वीस जणींचा आजार उलटणार होता. 15 टक्के घट म्हणजे वीसच्या सतरा. तीन बायका. तीन म्हणजे थोड्या नव्हेत. पण एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो का, आणि दुसरीकडे पुन्हा दिसतो का, हे विचारूनच पुढे जावं. ‘योगाने कॅन्सर बरा होतो’ असा संदेश फिरवणारा माणूस त्या अभ्यासाचा अपमान करतो, कारण त्या स्त्रियांनी शस्त्रक्रिया आणि औषधं यांच्या जोडीने योग केला होता.

आता मघाशी लक्षात ठेवलेला मुद्दा. विश्रांतीही बाईला दुसऱ्यांनीच सांगितली. व्यायामही आता दुसरेच सांगणार. त्यात एक धोका दिसतो. सुझन सोंटॅग या लेखिकेने स्वतः स्तनाच्या कर्करोगातून गेल्यावर 1978 मध्ये पुस्तक लिहून बजावलं, की आजाराचा दोष आजाऱ्याच्या स्वभावावर टाकू नका. उद्या आपण ‘चालली नाहीस म्हणून उलटलं’ असं म्हणू लागलो, तर एक क्रूर समजूत काढून दुसरी बसवली, एवढंच होईल. अभ्यास जे सांगतात ती परवानगी आहे. तिचं कर्तव्य करून टाकू नका.

आणि घरकाम म्हणजे व्यायाम नव्हे हो! दुपारी ‘तू पड’ म्हणायचं आणि संध्याकाळी पोळ्या तिनेच लाटायच्या, ही आपल्याकडची विश्रांती. त्या पोळ्या घरातल्या इतरांनी लाटाव्यात आणि तो अर्धा तास तिला उपवन तलावाकाठी चालायला द्यावा. एकटीला नको वाटलं तर सोबत जावं. ज्यांच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही, त्यांनी आज एक जिना, पुढच्या आठवड्यात दोन. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढाच दम. डोसानंतरचे पहिले काही दिवस नुसतं घरात फिरणंही पुरे. ताप आला, छातीत दुखलं, बसल्या जागी दम लागला, भोवळ आली, हाडात नवी कळ उठली, तर व्यायाम बंद आणि थेट रुग्णालय; केमोतला ताप अंगावर काढायचा नसतो. रक्ताचे रिपोर्ट दाखवून सुरुवात कधी करायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारायचं. ते आपणहून बोलले नाहीत तरी विचारायचं. पंधरा मिनिटांच्या ओपीडीत हा प्रश्न राहून जातो.

दीडशे वर्षांच्या या प्रवासात औषधं बदलली, यंत्रं बदलली. पण सगळ्यात अवघड बदल घरातल्या माणसांच्या मायेत व्हायचा आहे. माया म्हणजे पांघरूण घालणं, हे आपल्याला चांगलं येतं. तिच्यासाठी चपला दारात मांडून ठेवणं, हीसुद्धा मायाच आहे, एवढं शिकायचं राहिलंय.

 आता प्रश्न घेऊ.