आरमाराचं आजोळ संगमेश्वर

पुणे जहागिरीला समुद्र नव्हता. तरी १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दोन वर्षांच्या आत तिथल्या खाडीत लढाऊ नावा उभ्या राहू लागल्या. बांधणारा होता रुय लैतांव व्हियेगश, पोर्तुगीज. पुढचं सर्वांना ठाऊक आहे: नावा जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध आहेत असं सांगितलं गेलं, फिरंग्यांना ते पटलं नाही, त्यांनी व्हियेगशला फोडलं आणि तो ३०० हून अधिक माणसं घेऊन गुपचूप मुंबईला निघून गेला. यावरून निष्कर्ष ठरलेला असतो की मराठी आरमार ही फिरंगी विद्येची उसनवारी. मला तो अर्धाच पटतो. उसनं कुणाकडून आणलं हे आपण पाहिलं. देणाऱ्यानं ते मुळात कुठून उचललं होतं, हे पाहायचं राहिलं.

व्हियेगशच्या त्या सुमारे २० नावांना पोर्तुगीज कागद ‘सांगिसेल’ म्हणतात. पोर्तुगीज कोशकार ब्लुतो हा शब्द हिंदुस्थानातला असल्याचं नोंदवतो आणि अर्थ देतो तो असा: या किनाऱ्यावर शत्रूच्या ‘पारों’चा, म्हणजे छोट्या गलबतांचा, पाठलाग करणारी लहान नाव. हेन्री यूलला ‘हॉबसन-जॉबसन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशाच्या १८८६ च्या आवृत्तीत या नावाचं देशी मूळ सापडलं नाही. मात्र फिरंग्यांच्या लिखाणात चाच्यांचा अड्डा म्हणून वारंवार येणाऱ्या ‘सांगिसेर’ गावाशी नातं असावं, असा तर्क त्यानं केला. हे सांगिसेर म्हणजे आपलं संगमेश्वर. शास्त्री नदीच्या मुखापासून सुमारे २० मैल आत असलेल्या या गावापर्यंत एके काळी मोठी गलबतं चढत. मग पात्र गाळानं भरलं. आता संगमेश्वर म्हटलं की १६८९ सालची संभाजीराजांची कैदच आठवते, बंदर कुणाच्या ध्यानातही नसतं. त्याच कोशाच्या १९०३ च्या आवृत्तीत संपादक क्रुकनं पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कच्या कागदांतला एक उल्लेख जोडला: एक जहाज चक्क संगमेश्वरी बांधलेलं होतं. तेवढ्यावर त्यानं यूलचा तर्क जवळजवळ निश्चित ठरवला.

यावर आक्षेप निघतो की एक जहाज संगमेश्वरी बांधलं म्हणून सांगिसेलचा आराखडा तिथलाच कसा? आक्षेप रास्त आहे. कागद एवढंच सिद्ध करतो की त्या खाडीत फिरंग्यांच्या कामाचं जहाज उतरवण्याइतके कसबी सुतार होते. पण नाव गावाचं, काम त्याच गावासारख्या अड्ड्यांतल्या चाच्यांना खाडीत शिरून गाठण्याचं, आणि ज्याला गाठायचं त्याच्यासारखीच नाव हवी, हे तिन्ही धागे एकाच बाजूला ओढतात. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: नाव कोकणचीच होती तर व्हियेगश कशाला हवा होता? माझ्या मते तो नावेच्या बुडासाठी नव्हे, तोफांसाठी हवा होता. अल्बुकर्कपासून व्हियेगशपर्यंतच्या शे-दीडशे वर्षांत फिरंग्यांनी या नावेवर तोफ चढवली, एका हुकुमानं वीस-वीस नावा उतरवण्याची शिस्त बसवली. कल्याणात पोचली ती ही सुधारलेली नाव. थोड्या पाण्यात तरंगणं आणि शीड पडलं तरी वल्ह्यांवर पळणं, हे गुण मात्र तेच राहिले, कारण खाड्या त्याच होत्या. १६७९ मध्ये मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर इंग्रजांनी ते भोगलं. ‘रिव्हेंज’सारखं मोठं जहाज वेढा घालून असताना बेटावरच्या मायनाक भंडाऱ्याच्या माणसांना लहान नावा रसद पोचवतच राहिल्या आणि १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांची ‘डव्ह’ मराठ्यांच्या हाती लागली.

व्हियेगश गेल्यानं नावा बुडाल्या नाहीत, पण माणसांचा धडा मिळाला असणार. सभासदाच्या बखरीत आरमाराचे दोन सुभे येतात, एक दर्यासारंगाचा, दुसरा मायनाक भंडाऱ्याचा. एकही फिरंगी नाही. आज्ञापत्र आणखी पुढे जाऊन आरमाराच्या पोटाचा विचार करतं: खलाशांचा पगार बंदराच्या उत्पन्नावर टाकू नये, नाहीतर सावकारांना उपद्रव होईल आणि बंदरं ओस पडतील, लाकडासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडं तोडू नयेत. असल्या सूचना नुकसान सोसल्याशिवाय सुचत नाहीत. पेशव्यांच्या पुण्यानं मात्र व्हियेगशनं दिलेला १६५९ चा धडा नजरेआड केला. कोकणचा आरमारी सरदार तुळाजी आंग्रे आवरेना म्हणून नानासाहेबांनी इंग्रजांचं आरमार मदतीला घेतलं, फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गच्या खाडीत आंग्र्यांची जहाजं जळाली आणि मग त्याच विजयदुर्गावर आनंदराव धुळपांच्या हाताखाली पेशव्यांना आपलं आरमार पुन्हा उभं करावं लागलं.